द्रव्यवतीची देणी

जयपूरच्या पश्चिमेला अजमेर रस्त्यावर सोडाला ही दाट वस्ती आहे. तिच्या कडेने, सुशीलपुऱ्याच्या पुलाखालून, द्रव्यवती वाहते. सरकारी कागदांत हे नाव अलीकडे पुन्हा रूढ झाले. जुन्या रहिवाशांच्या तोंडी ती अजूनही अमानीशाहचा नालाच आहे. शास्त्रीनगर भागात अमानीशाह या सूफी संताचा दर्गा आहे, त्यावरून ते नाव पडले असे मानतात. नाहरगडाच्या बाजूच्या अरवलीच्या टेकड्यांत उगम पावून सुमारे ४७ किलोमीटर वाहणारा हा प्रवाह शहराला पश्चिमेकडून वळसा घालतो, सोडाला आणि मानसरोवर ओलांडून सांगानेरकडे जातो आणि पुढे ढूंढ नदीला मिळतो.

निसर्गाकडून माणसाला जे मिळते, म्हणजे पाणी, अन्न, पुराला आळा, जमिनीत मुरणारा पाऊस, मनाला लाभणारा विसावा, त्याला आज आंतरराष्ट्रीय जैवविविधता धोरणात ‘परिसंस्था सेवा’ म्हणतात. या सेवा मोजाव्यात, त्यांचे मोल ठरवावे आणि त्या आधारे निसर्ग राखावा, ही गेल्या पन्नास वर्षांत घडत गेलेली कल्पना. सोडाल्याजवळच्या या ओढ्याने तीन शतकांत त्यांतल्या बहुतेक सेवा पुरवल्या आणि बहुतेक गमावल्याही. धोरणाची भाषा कुठे पुरी पडते आणि कुठे तोकडी, हे तपासायला म्हणूनच हे उदाहरण उपयोगी आहे.

सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये जयपूर वसवले ते कोरड्या मैदानात. शहराला पाणी हवे म्हणून झोटवाड्याच्या बाजूने कालवा काढण्यात आला, पण नगराची मुख्य भिस्त विहिरी, कुंडे आणि तलावांवरच राहिली. खरा बदल झाला तो सवाई रामसिंह दुसरे यांच्या काळात, १८७० च्या दशकात. नळाने पाणी देण्याची योजना संस्थानाने हाती घेतली आणि त्यासाठी निवडला तो शहराच्या पश्चिमेचा हाच ओढा. नाल्यावर वाफेचे पंप बसले, पाणी उंचावरच्या टाक्यांत चढवले गेले आणि तिथून उताराने शहरात सोडले गेले. पुढे अल्बर्ट हॉलच्या बांधकामासाठी प्रसिद्ध झालेले स्विंटन जेकब हे इंग्रज अभियंते १८६७ पासून संस्थानाच्या सेवेत होते. जयपूरची सार्वजनिक बांधकामे त्यांच्याच देखरेखीखाली उभी राहिली.

हा ओढा निवडण्यामागे भूगोल होता. जयपूरच्या आसपास वाऱ्याने आणून टाकलेल्या वाळूचे जाड थर आहेत. पावसाचे पाणी त्यांत मुरते आणि नाल्याने खोल कापलेल्या काठांतून पाझरत राहते. पावसाळा संपल्यावर अरवलीतले बहुतेक ओढे आटतात. या ओढ्याला मात्र वाळूचा आधार होता. पंप संस्थानाचे, नळ संस्थानाचे, पण पाणी गाळण्याचे आणि साठवण्याचे काम वाळू करत होती आणि त्याचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात नव्हता. अशी विनामूल्य कामे हिशेबात घ्या, हा आग्रह जागतिक व्यासपीठांवर पोहोचायला त्यानंतर शंभर वर्षे लागली.

शहर वाढले तसा ओढा अपुरा पडू लागला. बाणगंगेवर रामगढचे धरण झाले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच त्याचे पाणी जयपूरला येऊ लागले. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या नौकानयनाच्या शर्यती याच तलावावर झाल्या, यावरून त्याच्या विस्ताराची कल्पना येते. पुढे पाणलोटात बांधबंदिस्ती आणि अतिक्रमणे वाढली, आवक तुटली आणि तलाव कोरडा पडला. २००९ पासून जयपूर मुख्यतः टोंक जिल्ह्यातल्या बनास नदीवरच्या बीसलपूर धरणावर, म्हणजे शंभर किलोमीटरहून लांबच्या पाण्यावर, जगते आहे.

लांबून पाणी आले की जवळच्या पाण्याची कदर उरत नाही. अमानीशाहचे तसेच झाले. पिण्याच्या पाण्याचा स्रोत म्हणून त्याच्यावर जी नजर असायची ती हटली आणि वाढत्या शहराचे सांडपाणी त्यात सोडायला कुणाचीच हरकत राहिली नाही. तरीही प्रवाह निरुपयोगी झाला नाही. काठच्या शेतांत त्याच पाण्यावर भाजीपाला पिकत असे आणि शहराच्या बाजारात येत असे. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळीत सांडपाण्यावर मासे आणि भाजी काढण्याची जी पद्धत आहे, तिचा अभ्यास ध्रुवज्योती घोष यांनी आयुष्यभर केला आणि २००२ मध्ये ती जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली. जयपूरच्या भाजीला असा अभ्यासक लाभला नाही. कारखान्यांचे रसायन मिसळलेल्या पाण्यावरची भाजी ही आरोग्याची तक्रार म्हणूनच नोंदली गेली, आणि ती तक्रार खोटीही नव्हती.

खालच्या अंगाला सांगानेर. ठशांनी कापड छापणाऱ्या छीपा समाजाचे हे गाव. छपाईला रंगाइतकेच वाहते पाणी आणि मोकळा काठ लागतो: कापड धुवायचे, वाळूवर उन्हात पसरायचे, पुन्हा भिजवायचे. सांगानेरी छपाईचा स्वच्छ पांढरा पोत आणि त्यावरची बारीक बुट्टी यांचे श्रेय कारागीर तिथल्या पाण्याला देत आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्क्रीन छपाई आणि रासायनिक रंग आले, उत्पादन कितीतरी पटींनी वाढले आणि ज्या पाण्याने धंदा उभा केला त्याच पाण्यात धंद्याचा मैला जाऊ लागला. सांगानेरी हातछपाईला पुढे भौगोलिक निर्देशांक मिळाला. म्हणजे गावाच्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले; पाण्याला ते नव्हते.

जुलै १९८१ मध्ये जयपूरवर विलक्षण पाऊस कोसळला. वाळूचे काठ ढासळले, नाला रुंदावला, घरे आणि रस्ते वाहून गेले. मुंबईकरांना मिठी नदी २६ जुलै २००५ च्या पुरात आठवली, तशी जयपूरला आपली नदी त्या पावसात आठवली. पूर सामावून घेणे हे प्रवाहाच्या पात्राचे आणि काठाच्या मोकळ्या जमिनीचे काम. ते काम थांबल्यावरच दिसते.

योगायोग असा की त्याच १९८१ मध्ये पॉल आणि ॲन एर्लिक या शास्त्रज्ञांनी प्रजातींच्या नाशावरच्या पुस्तकात ‘परिसंस्था सेवा’ हा शब्दप्रयोग वापरला. कल्पना त्याआधीची होती. १९७१ च्या रामसर कराराच्या प्रस्तावनेतच पाणथळ जागांना जलचक्राच्या नियामक म्हटले आहे. जयपूरजवळचे सांभर सरोवर १९९० मध्ये त्या यादीत गेले. १९९२ च्या रिओ परिषदेतल्या जैवविविधता कराराने मात्र सुरुवात वेगळी केली: जैवविविधतेचे मोल तिच्या ठायीच आहे, असे प्रस्तावनेचे पहिले म्हणणे. भारताने हा करार फेब्रुवारी १९९४ मध्ये मान्य केला.

नंतरचे दशक आकड्यांचे. १९९७ मध्ये रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी जगातल्या १७ प्रकारच्या सेवांचे वार्षिक मोल सरासरी ३३ लाख कोटी डॉलर काढले. तेव्हाच्या साऱ्या जगाच्या उत्पन्नाच्या ते जवळपास दुप्पट होते. अर्थशास्त्रज्ञांनी त्यावर सडकून टीका केली, पण चर्चेची दिशा ठरून गेली. २००५ च्या सहस्रक परिसंस्था मूल्यांकनात १,३०० हून अधिक तज्ज्ञांनी सेवांची चार गटांत मांडणी केली: पुरवठ्याच्या, नियमनाच्या, सांस्कृतिक आणि आधारभूत. तपासलेल्या २४ सेवांपैकी १५ घसरणीला लागल्याचे त्यांना आढळले. मग पवन सुखदेव या भारतीय बँकरच्या नेतृत्वाखाली परिसंस्था आणि जैवविविधतेच्या अर्थशास्त्राचा अहवाल तयार झाला आणि जैवविविधता कराराच्या २०१० च्या नागोया परिषदेत तो मांडला गेला. तिथेच ठरलेल्या आयची लक्ष्यांपैकी चौदावे लक्ष्य या सेवांचेच होते. २०१२ मध्ये सरकारांना शास्त्रीय सल्ला देणारा आयपीबीईएस हा मंच स्थापन झाला. निसर्गाला पुरवठादार आणि माणसाला गिऱ्हाईक मानणाऱ्या मांडणीला बराच विरोध झाल्यावर या मंचाने ‘माणसांसाठी निसर्गाचे योगदान’ अशी व्यापक चौकट स्वीकारली.

भारतात हा विचार परिषदांपेक्षा न्यायालयांतून अधिक उतरला. वनसंरक्षणाच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वनजमीन वळवणाऱ्यांकडून जंगलाचे निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे त्याच्या पुढच्या काळातल्या सेवांची आजची किंमत, वसूल करण्याचा दंडक घातला. कांचन चोप्रा समितीने त्याची पद्धत सुचवली आणि २००८ मध्ये हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये असे दर ठरले. जंगलाच्या सेवांना देशात असा सरकारी भाव लागला. नदीनाल्यांच्या पात्राला असा दर नाही, त्यामुळे शहरातल्या पात्राची जमीन गेली तर नेमके काय गेले हे सांगणारा आकडाही नाही.

द्रव्यवतीच्या काठी पैसा आला तो दुसऱ्या वाटेने. जयपूर विकास प्राधिकरणाने टाटा प्रोजेक्ट्स आणि एका चिनी कंपनीच्या समूहाला पुनरुज्जीवनाचे सुमारे १,६७६ कोटींचे काम दिले. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे, बागा, चालण्याचे आणि सायकलीचे मार्ग, बांधून काढलेले काठ असा तो प्रकल्प. चार गटांची फूटपट्टी लावली तर सांस्कृतिक सेवांची बाजू भरघोस दिसते आणि पाणी शुद्ध करण्याचे काम यंत्रांकडे गेलेले दिसते. काँक्रीटने बांधलेल्या भागात मात्र पाझर अडतो, आणि या ओढ्याने शहराला एकेकाळी पाणी पाजले ते पाझरामुळेच. नदीकाठ देखणा झाला म्हणजे नदीची कामे परत आली असे नाही. हा फरक सेवांच्या यादीतून स्पष्ट दिसतो, आणि यादीचा खरा उपयोग तिथेच आहे.

भाव न ठरवताही पात्र राखणारी एक तरतूद राजस्थानात आधीपासून होती. महसुली दफ्तरात अशी जमीन ‘गैर मुमकिन नाला’, म्हणजे लागवडीस अयोग्य नाला, म्हणून नोंदतात आणि १९५५ च्या राजस्थान कुळकायद्याच्या कलम १६ नुसार नदी-तलावांच्या पात्रातल्या जमिनीवर कुणालाही खातेदारीचा हक्क मिळत नाही. याच कलमाचा आधार घेत राजस्थान उच्च न्यायालयाने २००४ मध्ये अब्दुल रहमान खटल्यात नद्या, नाले आणि पाणलोट १५ ऑगस्ट १९४७ रोजी होते त्या स्थितीत आणण्याचे आदेश दिले. अंमलबजावणी रखडत चालली असली तरी काठावरच्या अतिक्रमणांविरुद्धच्या वादांत डॉलरच्या अंदाजांपेक्षा हा साधा मनाईचा नियमच अधिक कामी आला आहे.

जैवविविधता कराराखाली डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल इथे ठरलेल्या कुनमिंग-माँट्रियल आराखड्यात २३ लक्ष्ये आहेत. त्यांतले अकरावे निसर्गाचे योगदान टिकवण्याविषयी आहे आणि बारावे शहरांतल्या हिरव्या व निळ्या जागा, म्हणजे बागा, नद्या आणि तळी, वाढवण्याविषयी. भारताने २०२४ मध्ये आपला राष्ट्रीय कृती आराखडा याच लक्ष्यांशी जुळवून घेतला. सोडाल्याजवळची द्रव्यवती या बाराव्या लक्ष्याच्या कक्षेत येते. मात्र त्या लक्ष्यात काठावरची हिरवळ मोजली जाणार की पात्रातून जमिनीत उतरणारे पाणी, हे ठरवणे प्रत्येक देशावर सोपवलेले आहे.