पी. बाळू : रत्नागिरीतील पालवणचे नाव लावणारा गोलंदाज आणि बळींच्या मोलाने मिळालेला मान

१/
विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मुंबईत झालेल्या क्रिकेट सामन्यांचे धावफलक पाहिले, तर त्यांत 'पी. बाळू', 'पी. शिवराम', 'पी. विठ्ठल' ही नावे वारंवार भेटतात. हे सख्खे भाऊ होते. धाकटे गणपत हेही खेळाडूच. या सर्वांच्या नावामागचा 'पी' म्हणजे पालवणकर, आणि पालवण हे रत्नागिरी जिल्ह्यातील एक गाव.

२/
यांतील थोरले बाळू हे हिंदुस्थानातील पहिले थोर फिरकी गोलंदाज मानले जातात. त्यांचा जन्म त्या काळी अस्पृश्य गणल्या गेलेल्या चर्मकार समाजातला. खेळ हाच त्यांच्या रोजगाराचा आधार झाला, तोही वयाच्या विशीच्या आत. खेळपट्टी झाडण्याच्या नोकरीपासून इंग्लंडच्या मैदानांपर्यंतच्या या प्रवासात प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न उभा राहिला : याचा चेंडू चालतो, मग याचा स्पर्श का चालत नाही?

३/
आधी थोडी पार्श्वभूमी. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यातून असंख्य माणसे पोटासाठी घाट चढून गेली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील पुरुषांना ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि नंतर सरकारच्या मुंबई फौजेने नोकरीचे दार उघडले होते. गावात ज्याला पाणवठा बंद होता, त्याला छावणीत नियमित पगार, मुलांना शाळा आणि म्हातारपणी पेन्शन मिळण्याची शक्यता होती. दापोलीसारख्या ठिकाणी पेन्शनर शिपायांच्या वसाहतीच उभ्या राहिल्या.

४/
बाळूंचे वडीलही लष्कराच्या चाकरीत होते. बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला आणि बालपण पुण्यात गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू व शिवराम क्रिकेट शिकले. छावणीच्या कडेने वाढलेल्या मुलाला हा खेळ असा उष्ट्या साहित्यातून मिळाला.

५/
पहिली नोकरी पुण्यातील पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात. काम खेळपट्टी झाडण्याचे व तिच्यावर रूळ फिरवण्याचे. पगार महिना ३ रुपये. सभासदांना सरावासाठी अधूनमधून चेंडू टाकणे हेही त्यातच आले. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले आणि पगार ४ रुपये झाला. आता रूळ फिरवणे, जाळी बांधणे आणि टेनिसच्या मैदानावर पांढऱ्या रेषा आखणे, एवढी कामे त्यांच्याकडे होती.

६/
या क्लबातील ट्रॉस नावाच्या एका गोऱ्या खेळाडूने त्यांना जाळीत गोलंदाजी करण्यास प्रोत्साहन दिले. डावखुऱ्या हाताची संथ फिरकी, अचूक टप्पा, आणि एकाच शैलीत चेंडू कधी जोरात तर कधी हळू सोडण्याचे कसब. थोड्याच दिवसांत क्लबातील सर्वोत्तम फलंदाज जे. जी. ग्रेग यांचे या पोऱ्याकडे लक्ष गेले. हेच ग्रेग पुढे इंग्लंडमध्ये हॅम्पशायरकडून खेळले.

७/
ग्रेग इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. स्वतःला बाद केल्यास दर वेळी ते आठ आणे बक्षीस देत, असे सांगितले जाते. हिशोब केला तर महिन्याचा पगार म्हणजे ग्रेगचे आठ बळी. साहेबांची फलंदाजी या चेंडूंवर घासूनपुसून लखलखीत झाली आणि बाळूंची गोलंदाजीही.

८/
मात्र इतक्या तासांच्या सरावात बाळूंच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. फलंदाजी हे साहेबी अंग, गोलंदाजी हे कष्टाचे काम. ही विभागणी निव्वळ हिंदुस्थानी नव्हती. खुद्द इंग्लंडमध्ये हौशी खेळाडूंना 'जंटलमेन' आणि मोबदला घेणाऱ्यांना 'प्लेअर्स' म्हणत. दोघांच्या खोल्या निराळ्या, अनेक मैदानांवर प्रवेशाचे दरवाजेही निराळे. हा अधिकृत भेद १९६२ पर्यंत टिकला.

९/
म्हणजे बाळूंच्या वाट्याला दुहेरी उतरंड आली. पैशासाठी खेळणारा म्हणून इंग्रजी वर्गव्यवस्थेत खालचा, आणि जन्माने हिंदू जातिव्यवस्थेत बाहेरचा. यातला पहिला भेद कौशल्याने थोडाफार कमी होऊ शके. दुसऱ्यासाठी कौशल्य पुरेसे नव्हते. पुढच्या तीस वर्षांत त्याचा प्रत्यय पदोपदी आला.

१०/
पुण्यातील हिंदूंच्या क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते. शहरातील सर्वांत चांगला गोलंदाज कोण, हे सर्वांना ठाऊक होते. पण त्याला संघात घेतले तर सोवळ्याओवळ्याचे काय, यावर सभासदांत दुफळी माजली. त्याच सुमारास ग्रेग यांनी जाहीरपणे मत दिले की, बाळूंना वगळणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. अखेर बाळू संघात आले.

११/
मैदानावर तोच चेंडू ब्राह्मण क्षेत्ररक्षकाच्या हातून बाळूंच्या हाती आणि बाळूंच्या हातून पुन्हा त्याच्या हाती जात असे. त्याला विटाळ नव्हता. पण चहाची वेळ झाली की सारे खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या पेल्यातून चहा घेत, आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाला वेगळे ताट आणि वेगळे टेबल. तोंड धुवायचे तर एका कोपऱ्यात जाऊन, अस्पृश्य नोकराने ओतलेल्या पाण्याने.

१२/
बाळूंच्या गोलंदाजीवर पुण्याच्या हिंदूंनी युरोपियनांना हरवले. पुढे हा संघ साताऱ्याला गेला. बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून तेथील गोऱ्या क्लबाने आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरवून ती टणक केली. तरीही बाळूंनी सात बळी घेतले. ज्याने स्वतः वर्षानुवर्षे रूळ ओढला, त्याला कोणत्या खेळपट्टीवर चेंडू कसा टाकावा हे वेगळे शिकवण्याची गरज नव्हती.

१३/
या विजयानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंचा जाहीर सत्कार केला. ज्याच्यासोबत खेळता त्याच्यासोबत खाणेपिणेही झाले पाहिजे, असा त्यांचा सहखेळाडूंना रोख होता. पुढे लोकमान्य टिळकांनीही एका सभेत बाळूंचा गौरव केला. सुधारक आणि सनातनी राजकारण यांच्यातील दरी त्या काळी केवढी होती हे लक्षात घेता, दोन्ही बाजूंनी मान मिळवणारा तरुण विरळाच.

१४/
१८९६ मध्ये पुण्यात प्लेग आला आणि बाळू मुंबईकडे वळले. तेथे लष्करातील व नंतर बी. बी. सी. आय. रेल्वेतील नोकरी, आणि या नोकऱ्यांच्या आधाराने क्रिकेट. आजच्या अर्थाने करारबद्ध व्यावसायिक खेळाडू तेव्हा हिंदुस्थानात नव्हता. रेल्वे, पलटणी आणि संस्थानिक हेच त्याचे पोशिंदे. उत्तम खेळाडूला नोकरी द्यायची आणि त्याच्याकडून आपल्या संघाची शान राखून घ्यायची, ही रीत पुढे अनेक दशके चालली.

१५/
मुंबईच्या हिंदू जिमखान्यातही काही सभासदांनी त्यांच्या प्रवेशास विरोध केला. कर्णधार कीर्तिकर मात्र ठाम राहिले. बाळू आत आले, मागोमाग शिवरामही. आणि येथे एक पायरी पुढची चढली गेली : पुण्यात जे घडले नव्हते ते मुंबईत घडले. पालवणकर बंधू इतरांच्या पंगतीला बसू लागले.

१६/
फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू विरुद्ध युरोपियन हा गाजलेला सामना मुंबईत झाला. हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२. हिंदूंचा १०९ धावांनी विजय. स्वदेशीच्या चळवळीने तापलेल्या त्या दिवसांत या विजयाचा अर्थ मैदानापुरता राहिला नाही. जपानने रशियाला हरवून वर्षही उलटले नव्हते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवता येते, हे हजारो प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिले.

१७/
'इंडियन सोशल रिफॉर्मर' या पत्राने या विजयातली दुसरी बाजू नेमकी ओळखली. चर्मकार बंधूंना जिमखान्याने सामावून घेतले, या एका गोष्टीने तरुण हिंदूंची मने जितकी उदार झाली, तितकी अन्य क्षेत्रांतील प्रयत्नांनी झाली नसतील, असा त्या लेखनाचा सूर होता. हे कौतुक खरेच होते. मात्र त्यामागे एक अव्यक्त अट होती : जिंकून दिले तर.

१८/
१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघात बाळू व शिवराम दोघेही होते. कर्णधार महाराज मेजवान्यांमध्ये अधिक रमले आणि संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र खांदा दुखत असतानाही संपूर्ण दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी. तेव्हा त्यांचे वय पस्तिशीचे होते.

१९/
परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या प्रसंगीचे मानपत्र एका तरुण विद्यार्थ्याने लिहिले होते. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे, तेही रत्नागिरी जिल्ह्यातले. आणि त्यांचे वडीलही फौजेतलेच. एकाच जिल्ह्याच्या मातीतून आणि छावणीच्या वाटेने वर आलेल्या दोन घरांची ही भेट होती.

२०/
आता उरली शेवटची पायरी, कर्णधारपदाची. १९०७ पासून तिरंगी आणि १९१२ पासून मुसलमान संघासह चौरंगी स्पर्धा सुरू झाली. हिंदू संघात बाळूंइतका अनुभवी खेळाडू दुसरा नव्हता. पण कर्णधारपद दर वर्षी उच्चवर्णीयाकडेच गेले. एक कर्णधार एम. डी. पै यांनी तर स्वतःच्या सत्कारात सांगून टाकले की, हा मान खरे तर बाळूंचा होता. मन मोकळे होते, नियम मात्र बदलला नाही.

२१/
१९२० मध्ये हे प्रकरण फुटले. बाळूंना संघातून वगळले गेले आणि पै आजारी असल्याने कर्णधारपद दि. ब. देवधरांकडे आले. विठ्ठल त्यांच्याहून ज्येष्ठ होते. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि कारणही जाहीर केले. अन्याय जातीमुळे होत आहे, हे हिंदू क्रिकेटमध्ये इतक्या स्पष्टपणे प्रथमच बोलले गेले.

२२/
लोकमत भावांच्या बाजूने झुकले. पुढच्या सामन्यासाठी दोघे परतले, पै पुन्हा कर्णधार झाले आणि बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. सामन्यात पै मैदानाबाहेर गेले तेव्हा हिंदू संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. वीस वर्षांच्या गोलंदाजीच्या बदल्यात मिळालेले नेतृत्व ते एवढेच.

२३/
पूर्ण कर्णधारपद पालवणकरांच्या घरात आले ते १९२३ मध्ये, विठ्ठल यांच्या रूपाने. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली आणि प्रेक्षकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतले. ज्या घराण्याचा स्पर्श टाळण्यासाठी मातीची भांडी वेगळी ठेवली जात होती, त्या घराण्यातल्या माणसाला खांद्यावर घेण्यासाठी आता गर्दीत चढाओढ होती. विठ्ठल यांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मकथन मराठीत लिहिले. या बंधूंची बरीचशी माहिती त्यामुळेच टिकली.

२४/
निवृत्तीनंतर बाळू राजकारणात आले. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर ते गांधीजींच्या बाजूचे होते. पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत 'पी. बाळू' हे नाव आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत उभे केले, ते थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५.

२५/
या लढतीकडे केवळ जय-पराजय म्हणून पाहणे अपुरे आहे. बाळूंचा आयुष्यभराचा अनुभव सांगत होता की, आत शिरून, स्वतःची गरज सिद्ध करून, दारे एकेक करून उघडतात. आंबेडकरांचा प्रश्न असा होता की, ज्याच्या बोटांत फिरकी नाही त्याने काय करावे? ज्याच्याकडे बळींच्या रूपाने द्यायला काही नाही, त्याचा हक्क कोठून येणार? पहिले उत्तर एका असामान्य माणसाचे होते, दुसरा प्रश्न सामान्य माणसांसाठी होता.

२६/
४ जुलै १९५५ रोजी बाळूंचे मुंबईत निधन झाले. ३३ प्रथम श्रेणी सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. हिंदुस्थान पहिला कसोटी सामना खेळला तो १९३२ मध्ये, तेव्हा बाळूंचे खेळण्याचे दिवस सरले होते. त्यामुळे कसोटीपटूंच्या यादीत त्यांचे नाव नाही.

२७/
बाळूंची कथा 'गुणवत्तेने जात हरली' अशी सांगण्याचा मोह होतो. क्रम पाहिला तर ती निराळी दिसते. आधी चेंडू चालला, मग संघातले स्थान, मग पंगत, आणि सर्वांत शेवटी, भावंडांनी उघड माघार घेतल्यावर, नेतृत्व. पहिल्या तीन पायऱ्या बळींनी मिळवून दिल्या. चौथीसाठी बळी अपुरे पडले. तेथे नकार द्यावा लागला.