ऑरेगन आरोग्य योजना
ऑरेगन आरोग्य योजना : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ऑरेगन राज्याने विमारहित अल्प उत्पन्न गटातील प्रौढांना वैद्यकीय संरक्षण देण्यासाठी १९९४ पासून राबविलेली शासकीय योजना. कोणाला वगळावयाचे हा प्रश्न टाळून कोणते उपचार वगळावयाचे हे उघडपणे ठरविण्याचा प्रयत्न, हे तिचे वैशिष्ट्य होय.

अमेरिकेत गरिबांसाठी असलेली मेडिकेड ही योजना १९६५ च्या कायद्याने अस्तित्वात आली. तिचा खर्च संघशासन व राज्ये मिळून करतात. मात्र केवळ दारिद्र्य ही तिची अर्हता नव्हती. बालके, गर्भवती स्त्रिया, अज्ञान मुलांचे पालक, वृद्ध, अंध व अपंग अशा ठराविक वर्गांपुरतीच ती मर्यादित होती. निरपत्य व धडधाकट प्रौढ कितीही गरीब असला, तरी तो बहुतेक राज्यांत तिच्याबाहेरच राही. साहाय्यास पात्र गरीब आणि अपात्र गरीब हा जुन्या इंग्रजी दरिद्री कायद्यातील भेद या रचनेत टिकून राहिला. सामाजिक सुरक्षा कायद्याच्या १११५ व्या कलमान्वये राज्यांना प्रायोगिक सवलत मिळू शकते. या कलमाचा आधार घेऊन टेनेसी, ऑरेगन इ. राज्यांनी १९९० नंतरच्या दशकात हा भेद ओलांडला.

ऑरेगनमधील वादाचा आरंभ १९८७ मध्ये झाला. अधिक लोकांना प्राथमिक सेवा पुरविता याव्यात म्हणून विधिमंडळाने मेडिकेडमधील बहुतेक इंद्रिय प्रतिरोपणांचा खर्च बंद केला. त्याच वर्षी अस्थिमज्जा प्रतिरोपणासाठी पैसे जमविले जात असतानाच रक्ताच्या कर्करोगाने पीडित असा सात वर्षांचा एक मुलगा मृत्यू पावला व देशभर खळबळ उडाली. सीनेटचे तत्कालीन अध्यक्ष जॉन किट्सहाबर हे व्यवसायाने डॉक्टर होते. विमा नसलेले लोक उपचारांअभावी मरतात, त्यांची मात्र वृत्तपत्रांत बातमी होत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. त्यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये कायदा संमत झाला. त्यान्वये नेमलेल्या अकरा सदस्यांच्या आयोगाने रोग व त्यांवरील उपचार यांच्या जोड्यांची अग्रक्रमानुसार यादी करावयाची, विधिमंडळाने उपलब्ध निधीनुसार त्या यादीत रेषा ओढावयाची आणि रेषेवरील सर्व उपचार दारिद्र्यरेषेखालील प्रत्येकास द्यावयाचे, अशी व्यवस्था ठरली.

खर्च व लाभ यांच्या गणिती गुणोत्तरावर आधारलेली पहिली यादी १९९० मध्ये तयार झाली. तीत दातांवर टोपण बसविणे हे आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेपेक्षा वरच्या क्रमांकावर आले. गणित चोख असूनही निष्कर्ष हास्यास्पद ठरला आणि यादी मागे घ्यावी लागली. पुढे नागरिकांच्या ४७ सभांतून व्यक्त झालेली मते आणि आयोगाच्या सदस्यांचा विवेक यांच्या आधारे ती नव्याने रचण्यात आली. अपंगांच्या जीवनाचे मोल या यादीत कमी लेखले जाते, या आक्षेपावरून संघशासनाने १९९२ मध्ये तिला संमती नाकारली. दुरुस्तीनंतर १९९३ मध्ये क्लिंटन प्रशासनाने संमती दिली. फेब्रुवारी १९९४ मध्ये योजना सुरू झाली, तेव्हा ६९६ पैकी ५६५ जोड्यांचा तीत समावेश होता. राज्यातील विमारहितांचे प्रमाण १९९२ मध्ये सु. १८ टक्के होते. ते १९९६ पर्यंत सु. ११ टक्क्यांवर आले. शिधावाटपाचा म्हणून गाजलेला भाग व्यवहारात सौम्यच निघाला, कारण वगळलेले उपचार बहुतांशी किरकोळ किंवा निरुपयोगी होते. योजनेचे खरे यश नव्या लोकांना मिळालेल्या प्रवेशात होते.

परंतु हाच प्रवेश राज्याच्या तिजोरीवर अवलंबून होता. २००३ च्या मंदीत नव्याने आलेल्या प्रौढांवर दरमहा ६ ते २० डॉलरांचा हप्ता बसविण्यात आला व तो थकल्यास सहा महिने योजनेबाहेर राहण्याची अट घातली गेली. रक्कम लहान भासली, तरी सुमारे निम्मे लाभार्थी वर्षभरात बाहेर पडले. २००२ मध्ये सु. १,१०,००० असलेली या गटाची संख्या २००८ च्या आरंभी सु. १९,००० इतकी उरली.

त्या वर्षी सु. १०,००० जागा भरण्याइतका निधी उपलब्ध झाला आणि अर्जदार सु. ९०,००० निघाले. तेव्हा राज्याने सोडत काढली. आजारी माणसाचा उपचार चिठ्ठीवर सोपविणे हे क्लेशकारकच होते; पण त्यामुळे विमा मिळालेले व न मिळालेले असे दोन तुल्य गट संशोधकांना आयतेच लाभले. एमी फिंकेलस्टाइन, कॅथरिन बेकर प्रभृतींच्या अभ्यासानुसार (२०१२–१४) विमाधारकांचा दवाखान्यांचा व तातडीच्या विभागांचा वापर वाढला, वैद्यकीय कर्जाचा भार हलका झाला आणि खिन्नतेचे प्रमाण घटले. रक्तदाब, कोलेस्टेरॉल व मधुमेह यांवरील नियंत्रणात मात्र दोन वर्षांत संख्याशास्त्रीय दृष्ट्या ठळक सुधारणा आढळली नाही. विस्ताराच्या समर्थकांनी व विरोधकांनी या एकाच अभ्यासातून आपापल्या सोयीचे निष्कर्ष उचलले.

२०१० च्या संघीय कायद्याने दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या सर्व प्रौढांना मेडिकेड खुले केले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निर्णयामुळे हा विस्तार राज्यांच्या इच्छेवर राहिला. ऑरेगनने तो १ जानेवारी २०१४ पासून स्वीकारला व सोडतीची गरज संपली. टेक्सस, फ्लॉरिडा इ. दहा राज्यांनी तो २०२४ अखेरपर्यंत स्वीकारलेला नव्हता. ऑरेगनमध्ये या विस्तारासाठी रुग्णालये व विमा संस्था यांच्यावर बसविलेल्या कराला मतदारांनी जानेवारी २०१८ च्या सार्वमतात मान्यता दिली. जुलै २०२४ पासून दारिद्र्यरेषेच्या २०० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या प्रौढांसाठी पूरक योजनाही राज्याने सुरू केली.