बक्षिशी की हक्क? : मुंबईतील १९२४ चा बोनस-संप

आपण दिलेले श्रम आणि मिळालेला मोबदला यांची तुलना माणूस इतरांशी करतो व त्यात विषमता जाणवली की त्याचे वर्तन बदलते, असे प्रतिपादन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. स्टेसी ॲडम्स यांनी १९६३ मध्ये केले. मुंबईच्या गिरणगावाने या जाणिवेचा प्रत्यय त्यापूर्वीच चार दशके घेतला होता.

पहिल्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर कापडगिरण्यांना अमाप नफा झाला. महागाईने त्रस्त झालेल्या कामगारांना मालकांनी वेतनवाढीबरोबर वार्षिक बोनसही दिला आणि तो सलग काही वर्षे मिळत राहिला. पुढे मंदी आली. १९२३ या वर्षाचा बोनस मिळणार नाही, असे मालकांनी जाहीर केले. जानेवारी १९२४ मध्ये संपाला तोंड फुटले आणि सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले.

मालकांच्या दृष्टीने बोनस ही खुशीची देणगी होती. देणे-न देणे त्यांच्या मर्जीवर. कामगारांच्या लेखी मात्र दरवर्षी मिळणारी रक्कम हा वेतनाचाच भाग बनला होता. भरभराटीत वाटा द्यायचा आणि मंदी येताच हात आखडायचा, हे त्यांना अन्यायाचे वाटले. येथे मूळ वेतनाला हातही लागलेला नव्हता, हे विसरता कामा नये.

सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. रूढी, कायदा वा समन्याय यांपैकी कोणत्याही आधारावर कामगारांचा बोनसवर अंमलबजावणीयोग्य हक्क सिद्ध होत नाही आणि १९२३ चा नफाही बोनस देण्याजोगा नाही, असा निष्कर्ष समितीने काढला. हिशेबाच्या दृष्टीने तो कदाचित बिनचूकही असेल. परंतु बोनस बंद करताना कामगारांना विश्वासात घेण्याची व्यवस्थाच नव्हती. कामगार संघटनांना कायदेशीर आधार देणारा कायदा १९२६ मध्ये आला. मार्चमध्ये गोळीबार झाला, कामगार मृत्युमुखी पडले आणि महिनाअखेर संप पदरात काही न पडता संपला.

मने मात्र शमली नाहीत. १९२५ मध्ये मालकांनी वेतनात साडेअकरा टक्के कपात करताच पुन्हा सार्वत्रिक संप झाला. डिसेंबरमध्ये सरकारने कापडावरील अबकारी कर स्थगित केला, तेव्हा कपात मागे घेण्यात आली.

बोनसचा प्रश्न पुढे मुंबईच्याच गिरण्यांच्या वादात १९५० मध्ये श्रम अपील न्यायाधिकरणाने सूत्रबद्ध केला. घसारा, कर, यंत्रांचे नूतनीकरण व भांडवलावरील परतावा वजा जाता उरलेल्या शिलकीत कामगारांचा वाटा त्याने मान्य केला. १९६५ मध्ये बोनसचा स्वतंत्र कायदा झाला. मर्जीची देणगी मागण्याजोगी झाली. तरीही १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाची ठिणगी आदल्या दिवाळीच्या बोनसवरूनच पडली होती, आणि १९४६ च्या कायद्याने प्रातिनिधिक ठरलेली संघटना आपली नव्हे, ही संपकऱ्यांची तक्रार बोनसइतकीच तीव्र होती.