शिपायांच्या सुजलेल्या पावलांचे कोडे

१८५५ साली प्रशियाच्या सैन्यातील डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी एका विचित्र दुखण्याची नोंद केली. नव्याने भरती झालेले तरुण शिपाई लांब पल्ल्याच्या कवायतीनंतर लंगडू लागत. पाऊल सुजलेले, दाबले की कळ. पण कोणी पडलेले नसे, कोणाला मार लागलेला नसे. स्नायू हाडांना जोडणाऱ्या कंडरांच्या आवरणाला सूज आली असावी, असे त्यांना वाटले. कातडीखालचे हाड पाहण्याचे साधन तेव्हा नव्हतेच.

१८९५ मध्ये राँटजेन यांनी क्ष-किरण शोधले. दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, श्टेखो यांनी अशा पावलांची क्ष-किरण छायाचित्रे तपासली आणि कोडे उलगडले. बोटांमागच्या लांब हाडांना चीर गेली होती. या दुखण्याला पुढे 'मार्च फ्रॅक्चर' म्हणू लागले.

मार न लागता हाड कसे मोडते? तार एकदा वाकवून तुटत नाही. पुन्हापुन्हा वाकवली की तुटते. हाडाचेही तसेच, पण ते जिवंत असते. झिजलेला भाग काढून ते नवा भरते. मात्र काढणे लवकर होते, भरण्याला वेळ लागतो. सराव एकदम वाढवला की दुरुस्ती मागे पडते.

१९५८ साली इंग्लंडमधील डॉक्टर डेव्हस यांनी खेळाडूंच्या नडगीतील अशाच भंगांवर लेख लिहिला. शिपायांचे दुखणे मैदानावरही होते तर!

क्ष-किरणांनाही मर्यादा आहे. पहिले दोन-तीन आठवडे चीर बहुधा दिसतच नाही. सांधणाऱ्या हाडाचा नवा थर साचला की मगच दिसते. एमआरआय तपासणीत ती लवकर कळते. बोटांमागच्या हाडांची चीर धावणे-उड्या थांबवल्यास बहुधा सहा ते आठ आठवड्यांत भरून येते. पावलाच्या कमानीजवळील नौकाकृती हाड आणि करंगळीमागच्या हाडाचा घोट्याकडचा भाग मात्र हट्टी. तिथे पायावर भार न देता प्लास्टर, प्रसंगी शस्त्रक्रियाही लागते. अपुरा आहार किंवा मुलींची थांबलेली पाळी यांनीही धोका वाढतो.

म्हणून स्पर्धेच्या तोंडावर एखादी विद्यार्थिनी पावलावरची एकच जागा बोटाने दाखवून "इथेच दुखते" म्हणाली, तर तो कामचुकारपणा समजू नये. फोटो स्वच्छ आला तरी तिला धावायला लावू नये. डॉक्टरांना पुन्हा दाखवावे.