तळ्याचा मीझान

1930च्या दशकात अमेरिकेतल्या अलाबामात शेतकऱ्यांची एक तक्रार असे: तळ्यात मासे खंडीभर, पण तव्यावर टाकण्याजोगा एक नाही. कापसाने जमीन झिजलेली, मंदीने खिसा रिकामा. घरच्या तळ्यातला मासा ही तेव्हा हौस नव्हती, जेवण होते.

ऑबर्नच्या कृषी प्रयोग केंद्रातले होमर स्विंगल हे मुळात कीटकशास्त्राचे गृहस्थ. या प्रश्नात ते शिरले ते कायमचे. तळ्यात मोजून मासे सोडायचे आणि काही काळाने सगळे पाणी काढून प्रत्येक मासा काट्यावर ठेवायचा, ही त्यांची पद्धत. उर्दूत 'मीझान' म्हणजे तराजू, आणि हिशेबातली बेरीजही. त्यांच्या कामाला याहून नेमका शब्द मला मराठीत सापडलेला नाही.

जोडी होती लार्जमाउथ बास आणि ब्लूगिल यांची. ब्लूगिल किडे खातो आणि त्याची वीण अफाट. बास त्याची पिल्ले खातो. गोम अशी की बास मोठा आणि गळाला सहज लागणारा, म्हणून लोक आधी त्यालाच संपवत. मग ब्लूगिलची गर्दी होई, अन्न पुरत नसे, सगळे खुरटत. वर ही उपाशी गर्दी बासची अंडीही फस्त करी. 1950च्या पुस्तिकेत स्विंगल यांनी प्रमाण मांडले: शिकारी माशांच्या 1 किलोमागे भक्ष्य माशांचे 3 ते 6 किलो वजन, तर तळे उत्तम. परीक्षा साधी. उन्हाळ्यात बारीक आसाचे जाळे काठाने ओढायचे. बासची पिल्ले नाहीत आणि अर्धवट वाढलेले ब्लूगिल ढीगभर, तर रोग कळला. अशा वेळी बास राखायचा, ब्लूगिल काढायचे.

पण हे गणित बंदिस्त तळ्याचे, आणि धनी काठावर उभा असेल तरच जुळणारे. 1960 मध्ये शिकागोच्या महापौरांनी जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो यांना ब्लूगिल भेट दिले. अकिहितो स्वतः माशांचे अभ्यासक. अन्न म्हणून वाढवता येतील या आशेने त्यांनी ते मत्स्य संशोधन संस्थेला दिले. पुढे ब्लूगिल बिवा सरोवरात पसरले. तिथे बासही पोचला होता, तरी समतोल काही झाला नाही. दोघांनी मिळून मूळच्या माशांवर ताव मारला. 2007 मध्ये सम्राट अकिहितो यांनी सरोवराकाठच्या ओत्सु शहरात याबद्दल जाहीर दुःख व्यक्त केले. त्याआधीच, 2003 पासून, त्या शिगा प्रांतात गळाला लागलेला बास किंवा ब्लूगिल पुन्हा पाण्यात सोडायला बंदी आहे.