एकच मतदार, दोन निकाल

कर्वेनगरच्या मतदाराने 2024 मध्ये दोनदा बोटाला शाई लावून घेतली. मे महिन्यात लोकसभेसाठी आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेसाठी. लोकसभेला महाविकास आघाडीने राज्यातल्या 48 पैकी 30 जागा जिंकल्या, तर विधानसभेला महायुती 288 पैकी 230 वर गेली. तेव्हापासून दोन्ही निकालांचे आकडे शेजारी ठेवून वाद चालू आहे. कुणी म्हणतं लोकांचं मन फिरलं, कुणी म्हणतं गडबड आहे.

पण सहा महिन्यांत उमेदवार, मुद्दे, मतदारयादी सगळंच बदलतं. एवढ्या गोष्टी एकदम बदलल्यावर कशामुळे काय झालं, हे नुसत्या बेरजांवरून ठरवता येत नाही. मग तेच मतदार, तोच दिवस आणि दोन मतं, असं कधी झालंय का? झालंय. 1967 नंतर महाराष्ट्रात एकदाच, सप्टेंबर 1999 मध्ये.

नारायण राणे मुख्यमंत्री होते आणि विधानसभा मुदतीआधीच विसर्जित झाली होती. जूनमध्ये शरद पवारांनी काँग्रेसबाहेर पडून राष्ट्रवादी स्थापन केली होती. लोकांनी एकाच फेरीत दिल्लीसाठी आणि मुंबईसाठी मत दिलं. युतीला लोकसभेच्या 48 पैकी 28 जागा मिळाल्या, विधानसभेच्या 288 पैकी फक्त 125. बहुमताला 145 लागत होत्या. विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले.

यावरून सांगितली जाणारी गोष्ट सोपी आहे: दिल्लीत वाजपेयी, मुंबईत काँग्रेसवाले. पण मतांची टक्केवारी बघा. भाजप लोकसभेला सुमारे 21 टक्के, विधानसभेला साडेचौदा. पक्ष कोसळला असं वाटतं ना? पण जागावाटपात भाजपकडे लोकसभेच्या 26 जागा होत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त. विधानसभेच्या मात्र 117, म्हणजे साधारण 41 टक्के. जिथे कमळ मतपत्रिकेवरच नव्हतं, तिथे त्याला मत पडणार कसं? म्हणून भाजप आणि शिवसेना एकत्रच मोजायला हवेत. तसं मोजलं तर युती 38 टक्क्यांवरून 32 वर आली. घट खरी आहे, पण सहा टक्क्यांची.

ही मतं गेली कुठे? वेगवेगळे लढलेले काँग्रेस आणि राष्ट्रवादी मिळून लोकसभेला सुमारे 51 टक्के होते आणि विधानसभेला 50. म्हणजे तेही किंचित घटलेच. वाढले ते उरलेले सगळे, अपक्ष आणि छोटे पक्ष: सुमारे 11 टक्क्यांवरून 18. विधानसभेचा मतदारसंघ लहान असतो. तिथे ओळखीचा माणूस पक्षाच्या चिन्हाशिवायही मतं खेचतो. लोकसभेच्या मोठ्या मतदारसंघात ते अवघड जातं.

इथेही एक मर्यादा आहे. बेरीज फक्त निव्वळ फरक दाखवते. काही जण युतीकडून काँग्रेसकडे आणि तितकेच काँग्रेसकडून अपक्षाकडे गेले असतील, तरी आकडे हेच दिसतील. मत गुप्त आहे, त्यामुळे ही वाट कुठल्याच तक्त्यात सापडणार नाही. सापडू नयेच.

'एक देश, एक निवडणूक'ची चर्चा निघाली की एकत्र मतदान झालं तर लोक दोन्हीकडे एकच बटण दाबतील, असं खात्रीने सांगितलं जातं. 1999 च्या महाराष्ट्रात तसं झालं नव्हतं. आणि दोन बेरजा जुळत नाहीत म्हणून कुणी गडबड झाली म्हणालं, तर आधी विचारायचं: दोन्हीकडे कोण किती जागांवर उभं होतं? एवढ्याने गडबड झाली की नाही हे ठरत नाही. पण नुसता फरक हा पुरावा नसतो, हे मात्र कळतं.