ट्रायग्लिसराइड आणि हृद्रोग : एका उपेक्षित मताचा इतिहास

रक्ततपासणीच्या अहवालात कोलेस्टेरॉलच्या जोडीला ट्रायग्लिसराइडची नोंद असते. उपाशीपोटी हे प्रमाण डेसिलिटरमागे १५० मिलिग्रॅमच्या आत असावे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मात्र या घटकाचा हृद्रोगाशी असलेला संबंध वैद्यकशास्त्राने सहजासहजी मान्य केलेला नाही. प्रस्तुत लेखात त्या वादाचा मागोवा घेतला आहे.

स्निग्ध पदार्थ ग्लिसरॉल आणि मेदाम्ले यांचे बनलेले असतात, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८२३ च्या आपल्या ग्रंथात मांडले. रक्तातील या मेदाची हृद्रोगाशी सांगड घालणारे महत्त्वाचे संशोधन त्यानंतर शतकाहून अधिक काळाने झाले. येल विद्यापीठातील मार्गारेट अल्ब्रिंक आणि एव्हलिन मॅन यांनी १९५९ मध्ये असे दाखवले की, हृदयाच्या रोहिणीविकाराच्या रुग्णांत कोलेस्टेरॉलपेक्षा ट्रायग्लिसराइडची वाढ अधिक ठळक आढळते. १९६१ मध्ये रॉकफेलर संस्थेतील एडवर्ड अहरेन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. अनेक रुग्णांत ही वाढ आहारातील स्निग्धांशामुळे नव्हे, तर कर्बोदकांमुळे होते, असे त्यांचे निरीक्षण होते. यकृत अतिरिक्त शर्करेचे मेदात रूपांतर करून तो रक्तात सोडते. म्हणजेच तूप-तेल वर्ज्य करून त्या जागी भात आणि साखर वाढवणाऱ्या रुग्णाचे ट्रायग्लिसराइड वाढण्याचीच शक्यता! हा इशारा तेव्हा गांभीर्याने घेतला गेला असता, तर पुढील काही दशकांतील आहारसल्ला कदाचित वेगळा झाला असता, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

परंतु सर्वांचे लक्ष कोलेस्टेरॉलकडे लागले होते. फ्रीडवाल्ड यांच्या १९७२ च्या प्रसिद्ध सूत्रात तर ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग केवळ वजाबाकीपुरता, एलडीएल कोलेस्टेरॉलचा अंदाज काढण्यासाठी, येतो. १९८० मध्ये हली व सहकाऱ्यांनी ट्रायग्लिसराइड हे हृद्रोगाचे स्वतंत्र कारण असल्याच्या पुराव्यावरच प्रश्नचिन्ह उभे केले. त्यांच्या आक्षेपात तथ्य होते. कारण ट्रायग्लिसराइड वाढते तेव्हा बहुधा एचडीएल कमी झालेले असते, मग दोष नेमका कोणाचा? १९८८ मध्ये जेराल्ड रीव्हन यांनी इन्शुलिन-प्रतिरोध, उच्च रक्तदाब, वाढलेले ट्रायग्लिसराइड आणि घटलेले एचडीएल यांना ‘सिंड्रोम एक्स’ या एकाच नावाखाली आणले, आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले.

तरीही वाद मिटला नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दहा हजारांहून अधिक मधुमेही रुग्णांवरील चाचणीत पेमाफायब्रेट या औषधाने ट्रायग्लिसराइड सुमारे एकचतुर्थांशाने घटले, पण हृदयविकाराच्या घटना घटल्या नाहीत. त्या औषधाने रोहिणीच्या भिंतीत शिरणाऱ्या मेदकणांची संख्या कमी झालेली नव्हती. त्यामुळे आता संशोधकांचा रोख ट्रायग्लिसराइडपेक्षा ते वाहून नेणाऱ्या कणांच्या, कोलेस्टेरॉलयुक्त अवशेषांकडे वळला आहे.